वाडीतल्या लाकडी खोलीला औषध कोणतं? दापोली किनाऱ्यावरचं एक प्रकरण

दापोली तालुक्यात आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यातली ही वाडी. रस्त्याला लागून घर, घरामागे विहीर आणि विहिरीपासून थेट समुद्राच्या वाळूपर्यंत माड-पोफळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. इथेही निम्म्याहून जास्त झाडं गेली, शिवाय एक जुना फणस आणि एक रायवळ आंबा मुळासकट उपटले. घरमालक काका-काकू मुंबईची नोकरी संपवून नुकतेच कायमचे गावी आले होते. पडलेलं लाकूड मिळेल त्या भावाला विकण्यापेक्षा त्याची वाडीतच एक खोली करू, असं काकूंच्या मनात आलं. १२ बाय १६ फूट, जांभ्याचं जोतं, वर मंगलोरी कौलं, भिंती लाकडाच्या. पाहुण्यांना झोपायला, दुपारी वाचत बसायला. मी या भागात घरांची कामं करतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

नकाशा लवकर ठरला. वाद झाला तो लाकडाला काय लावायचं यावर. शेजाऱ्यांनी गॅरेजमधलं काळं ऑइल सुचवलं, कारण त्यांच्या कुंपणाला तेच लावलेलं होतं. रंगारी म्हणाला, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश मारू, काचेसारखं दिसेल. पुण्याच्या भाच्याने दाबाखाली औषध भरलेलं पाइन मागवा असा सल्ला दिला. दुकानदाराने वाळवीनाशक तेलाचा डबा पुढे केला. काकांचा प्रश्न साधा होता: यातलं खरं कोणतं?

अख्ख्या खोलीसाठी एकच औषध शोधायला गेलं की चुकीचंच हाती लागतं, असं माझं मत आहे आणि या कामात ते आणखी पक्कं झालं. खांबाचं बूड, कौलांखालचा वासा आणि पश्चिमेची फळी यांची दुखणी वेगवेगळी आहेत. आधी प्रत्येक लाकडाची जागा ठरवायची, त्या जागी त्याला काय छळणार आहे ते पाहायचं, आणि मग उपाय. बऱ्याच जागी उपाय बाटलीत नसतोच, तो बांधणीत असतो.

जुन्या गोठ्याने काय सांगितलं

वाडीत एक पडका गोठा होता. त्याचे खांब ऐनाचे. खोली बांधण्याआधी तो उतरवायचा होता, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक खांब तपासला. मागच्या रांगेतले खांब जांभ्याच्या उंच चिऱ्यांवर नुसते उभे होते. त्यांच्या बुडाशी टोक दाबलं तर लाकडावर पांढरी रेघ उमटायची, आत जायचं नाही. पुढच्या रांगेतले दोन खांब मात्र कधीतरी दुरुस्ती करताना मजबुतीसाठी सिमेंट काँक्रीटमध्ये पकडले होते. बाहेरून तेही धडधाकट. काँक्रीटच्या कडेला टोक टेकवलं आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आतला भाग ओल्या चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. त्याच खांबांचा वीतभर वरचा भाग ठणठणीत.

लाकूड तेच, वय तेच, औषध दोन्हीला कसलंच नाही. फरक एवढाच की काँक्रीटच्या पेल्यात पाणी साचून राहिलं आणि चिऱ्यावरचं निथळून गेलं. ही तुलना काकांना तिथेच दाखवली आणि पुढची अर्धी चर्चा वाचली.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. खाली राहिलं तर ती वाढत नाही. किनाऱ्यावर अडचण अशी की पावसाळ्यात नुसत्या हवेतल्या दमटपणानेच लाकडाची ओल १८ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे कौल एक फुटलं, एका जागी पागोळीचं पाणी अंगावर उडत राहिलं, तरी मर्यादा ओलांडली. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात पोफळीची वाडी म्हटलं की एप्रिल-मे महिन्यांतही रोजचं शिंपणं, पाटाचं पाणी, सावली. जमीन बारमाही ओली आणि पालापाचोळा भरपूर, म्हणजे वाळवीलाही सोयीचं.

सुताराची शंका

पडलेलं लाकूड पावसाळ्यानंतर गिरणीत चिरून आणलं तेव्हा सुताराने फळी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाला, "हे वद्यात तोडलेलं नाही, वादळानं पाडलंय. याला पीठ पडणार."

कोकणात लाकूड आणि बांबू वद्य पक्षात तोडायची रीत आहे, आणि तोडल्यावर पाण्यात घालून ठेवायचीही. वादळ आलं ते शुक्ल पक्षात, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी सुताराची भीती खरी होती. लाकडाचं पीठ करणारा किडा जगतो तो लाकडातल्या पिष्टावर, म्हणजे स्टार्चवर. हे पिष्ट असतं सालीलगतच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात. गाभ्यात ते जवळजवळ नसतं. पाण्यात भिजवल्यावर पिष्ट कमी होतं, म्हणून जुन्या लोकांचं भिजवणं वाया जात नसे.

शंका फेडायला सोपी चाचणी आहे. टिंक्चर आयोडीनचा थेंब कच्च्या लाकडावर टाकायचा. पिष्ट असेल तर थेंब निळा-काळा होतो. आंब्याच्या फळीवर तो पाहता पाहता काळा झाला. फणसाच्या पिवळ्या गाभ्यावर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र काळपट ठिपके उमटले. यावरून वाटणी झाली: फणसाचा गाभा बाहेरच्या भिंतींना, आंबा फक्त आतल्या बाजूला आणि तोही औषध दिल्याशिवाय नाही. आंब्याच्या लाकडाची पेटी होते, बाहेरची भिंत होत नाही. ते पावसात ठेवलं तर कोणतंही औषध त्याला फार काळ वाचवणार नाही.

जे नाकारलं ते का

काळ्या ऑइलबद्दल मला कडक बोलावं लागलं. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूंचे कण आणि जळालेल्या इंधनाची विषारी द्रव्यं असतात. ते लाकडात खोल जात नाही, वर चिकट बसतं, पावसाने धुपून मातीत उतरतं. जांभा सच्छिद्र दगड. विहीर खोलीपासून हाकेच्या अंतरावर आणि घरात पिण्याचं पाणी तिचंच. शिवाय एकदा हे तेल लावलं की पुढे त्यावर दुसरा कोणताही लेप धरत नाही. कुंपणाच्या खांबालाही मी ते लावू देत नाही.

याच विहिरीमुळे जोत्याखालच्या मातीत वाळवीनाशक ओतायचंही टाळलं. शहरात पायाभरणीच्या वेळी ही फवारणी सर्रास होते आणि तिथे तिला अर्थ आहे. जांभ्याच्या भेगांतून ते औषध किती लांब जाईल याची हमी इथे देता येत नव्हती.

पीयू किंवा चकचकीत वॉर्निश घरातल्या फर्निचरला छान. उघड्यावर मात्र ऊन त्याच्या आरपार जाऊन लाकडाचा वरचा थर मोडतं, मग वरचा पापुद्रा सुटतो. एक बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि पापुद्र्यामुळे बाहेर पडत नाही. पहिल्या वर्षी सुंदर दिसतं, त्यानंतर ते सगळं खरवडून काढायचं काम घरमालकाच्या नशिबी येतं.

भाच्याच्या सल्ल्याचा मात्र नीट विचार केला, कारण त्यात दम होता. दाबाखाली लाकडात जे क्षार भरतात त्यातलं सर्वांत गाजलेलं मिश्रण म्हणजे सीसीए: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. ते भारतातच जन्मलं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली ते तयार केलं आणि पुढे जगभरातले विजेचे आणि टेलिफोनचे खांब त्याच्या जोरावर जमिनीत उभे राहिले. मातीत गाडायच्या लाकडासाठी त्याच्या ताकदीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण अमेरिकेत २००३ च्या अखेरीला उत्पादकांनी बहुतेक घरगुती वापरासाठी ते थांबवलं, युरोपातही निर्बंध आले. कारण आर्सेनिक.

आमच्या प्रकरणात निर्णय झाला तो त्याहून जवळच्या कारणाने. सुतारकाम चालू असलेल्या घरात तुकडे, ढलप्या, भुसा कुठे जातो? आंघोळीच्या पाण्याच्या बंबात आणि मागच्या चुलीत. राख कुठे जाते? माडाच्या आळ्यात, भाजीच्या वाफ्यात, कडधान्याच्या बियाण्यात, कधी भांड्यांना. सीसीए भरलेलं लाकूड जाळलं की धुरात आर्सेनिक येतं आणि राखेत तर ते साचतंच. काका-काकूंनी आज कितीही काळजी घेतली तरी वीस वर्षांनी मोडकं लाकूड बंबात घालणाऱ्याला ते कळणार नाही. ज्या घरात बंब पेटतो त्या घराच्या आवारात हे लाकूड नको, असं मी स्पष्ट सांगितलं. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं सीसीबी मिश्रणही मिळतं, त्यात बोरिक ॲसिड, मोरचूद आणि डायक्रोमेट असतं. ते बरं, पण त्यात क्रोमियम आहे, त्यामुळे जाळू नये हा नियम त्यालाही लागू.

मग काय लावलं

बांधणी आधी सुधारली. जोतं दोन फूट उचललं. त्यावर जांभ्याचीच तीन फूट भिंत आणि मग लाकूड, म्हणजे पागोळ्यांचा उडालेला चिखल फळीपर्यंत पोचत नाही. पश्चिमेला छप्पर साडेतीन फूट पुढे काढलं. पायऱ्या आणि पुढचा ओटा दगडाचा केला. काकूंना लाकडी ओटा हवा होता, पण वर उघडा आणि खाली ओला अशा जागी मी लाकूड घालत नाही. गोठ्यातले चांगले निघालेले ऐनाचे खांब पुन्हा चिऱ्यांवर उभे केले. चिरा आणि खांब यांच्यामध्ये कडा खाली वाकवलेला स्टेनलेस पत्रा. वाळवी मातीची नळी बांधत वर चढलीच तर तिला पत्र्याला वळसा घालावा लागतो आणि ती नळी डोळ्यांना दिसते. दिसली की मोडायची. स्क्रू सगळे ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, कारण खाऱ्या हवेत साधा खिळा टिकत नाही आणि लोखंड लागलं की ऐन-साग त्याच्याभोवती काळे पडतात.

खांबांचा ऐन जुना, पक्क्या गाभ्याचा. त्यात पाण्यातलं औषध शिरत नाही आणि त्याची गरजही नव्हती. फक्त बुडाची कापलेली बाजू महत्त्वाची होती. लाकूड आडव्या अंगाने पितं त्याच्या कित्येक पट पाणी ते टोकाकडून ओढतं. या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पसरट भांड्यात ओतलं आणि खांब रात्रभर त्यात उभे ठेवले. किनाऱ्यावरच्या होड्यांना हे तेल पिढ्यानपिढ्या लावलं जातं. दिसायला काळपट, वास उग्र, आणि ते बिब्ब्यासारखंच उततं. दोघेही एकाच कुळातले. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर फडकं याशिवाय कोणाला हात लावू दिला नाही.

वासे, रीपा आणि आतल्या फळ्या यांच्यासाठी बोरॉन: टाकणखार आणि बोरिक ॲसिड. दोन्ही स्वस्त, बिनवासाची, आणि किडा व वाळवी दोन्हींवर चालतात, बुरशीवरही. यांचा दोष एकच पण मोठा: ती पाण्यात विरघळलेलीच राहतात, लाकडाला पक्की धरत नाहीत. पावसात भिजणाऱ्या लाकडातून ती हळूहळू धुऊन जातात. म्हणून बोरॉन छपराखाली, किंवा वर पाणी रोखणारा लेप असेल तिथेच.

१०० लिटर कोमट पाण्याला ६ किलो टाकणखार आणि ४ किलो बोरिक ॲसिड असं प्रमाण घेतलं. विटांचा लांबट हौद रचून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं. एक नियम सुताराला आधीच सांगितला होता: कापणं, खोबणी, भोकं, सगळं आधी, बुडवणं शेवटी. औषध दिल्यावर रंधा मारला तर औषध दिलेला थरच भुश्यात जातो. फळ्या आठवडाभर हौदात, मग एकमेकींना चिकटवून रचल्या आणि महिनाभर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवल्या. लाकूड ओलं असणं इथे फायद्याचं. क्षार ओलीच्या वाटेने आपोआप आत सरकतो, कोरड्या लाकडात तो वरच अडकतो.

आत किती पोचलं हे बघायची रीत सुंदर आहे. हळदीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क कापलेल्या तोंडावर लावायचा. वाळला की त्यावर सॅलिसिलिक ॲसिड घातलेलं, स्पिरिटमध्ये पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. बोरॉन असेल तिथे पिवळा रंग लाल होतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या काकांच्या एका मित्रांनी ही दोन्ही द्रावणं करून दिली. आंब्याच्या फळीचं टोक कापून लावलं तर कडेने लाल चौकट उमटली आणि मधोमध पिवळी पट्टी उरली. काकू बघत होत्या, म्हणाल्या, "हे तर कुंकू झालं." बरोबरच होतं. हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस लावूनच घरी कुंकू करत असत. आंबटाच्या साथीने हळद आणि टाकणखार तेच करतात. पिवळी पट्टी उरलेल्या फळ्या पुन्हा गुंडाळून ठेवल्या आणि पुढच्या कापात रंग आरपार लाल आला, तेव्हाच त्या सावलीत वाळायला काढल्या.

उरलेलं द्रावण पाटात सोडायला गडी निघाला होता, त्याला थांबवलं. माडाला बोरॉन लागतं, पण ते ग्रॅममध्ये मोजून. बादलीभर एका बुंध्याशी गेलं तर झाड करपतं. द्रावण पिंपात झाकून ठेवलं आणि पुढे बांबूच्या कामट्यांना वापरलं. हौद आणि पिंप दोन्ही मुलांपासून, गुरांपासून दूर.

बाहेरच्या फणसाच्या फळ्यांवरचा पांढरा भाग जमेल तेवढा काढून टाकला होता. गाभा टिकाऊ, पण ऊन आणि झड यांपासून त्यालाही आडोसा हवा. नुसतं बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल लावायचा काकांचा आग्रह होता, कारण ते नैसर्गिक. कोरड्या प्रदेशात मीही तेच लावलं असतं. इथल्या पावसाळ्यात जवसाचं तेल बुरशीचं खाद्य ठरतं आणि भिंत काळी ठिपकेदार होते. त्याऐवजी रंगद्रव्य आणि बुरशीरोधक घातलेला, लाकडात मुरणारा गडद तपकिरी स्टेन घेतला. मुरणारा असल्याने त्याचे पापुद्रे निघत नाहीत आणि रंगद्रव्य ऊन अडवतं. फळी बसवण्याआधी पुढून, मागून, कडांना, आणि टोकांना एक हात जास्त.

पहिल्या पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या सुमारास ओल मोजायचं यंत्र घेऊन गेलो. वासे, आतल्या फळ्या, पूर्व आणि दक्षिण भिंत, सगळीकडे आकडे सुरक्षित. कुठे पीठ नाही. एका चिऱ्यावर वाळवीची बोटभर नळी पत्र्याच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती.

पश्चिमेच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात मात्र आकडा विशीच्या वर आणि खालच्या दोन फळ्यांवर काळपट बुरशी. त्याच जागी काकूंनी जाईचा वेल भिंतीवर चढवला होता. पानांमुळे पाऊस थांबल्यावरही ती जागा दिवसभर सुकत नव्हती. वेल काढून भिंतीपासून दोन हात लांब वेगळ्या मांडवावर नेला, फळ्या घासून सुकू दिल्या आणि पुन्हा स्टेन लावला. काकूंना वाईट वाटलं, पण भिंत सुकलेली पाहून त्या राजी झाल्या. आता मृगाआधी पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात, जुन्या पडवीला बांधायचे तसेच.

देखभाल ठरली ती अशी: पश्चिमेला दर दोन वर्षांनी स्टेन, बाकी भिंतींना फिका पडेल तेव्हा, आणि दर मे महिन्यात खांबांच्या बुडांना स्क्रू ड्रायव्हर लावून बघणं. हे शेवटचं काम काका स्वतः करतात.

जाईच्या मांडवाचे खांब मातीत जायचे होते. त्याला वादळातलंच उरलेलं लाकूड वापरू, असं काका म्हणाले. उरलं होतं ते आंब्याचं. बोरॉन मातीत टिकलं नसतं, सीसीए किंवा सीसीबी आवारात आणायचं नव्हतं, त्यामुळे तिथे जांभ्याचे चिरे रचून खांब केले आणि फक्त वरच्या आडव्या दांड्या बांबूच्या घातल्या. आंब्याच्या उरलेल्या तुकड्यांना औषध लागलेलं नव्हतं, ते बंबात गेले.